मोन्सेर्रात: डोंगराच्या नावाच्या बायका

ओसरी (धागाकर्ती)

कॅटलोनियात (स्पेनचा ईशान्येकडचा, स्वतःची कॅटलान भाषा असलेला प्रांत) साठी ओलांडलेल्या बायकांच्या घोळक्यात जाऊन 'मोन्से!' अशी हाक मारा, निदान दोघी तरी मागे वळून बघतील. मोन्से हे मोन्सेर्रातचं रोजच्या वापरातलं रूप. कुणी मुन्सा म्हणतं. आमची भाजीवाली मोन्से, दातांची डॉक्टरीण मोन्से, खालच्या मजल्यावरच्या आजी अख्ख्या मोन्सेर्रात. बालवाडीच्या फाटकाशी उभं राहिलं की मात्र कानावर येतं लाया, मार्तिना, जूलिया, ओना. मोन्सेर्रात चुकूनही नाही. इथे राहायला लागल्यापासून माझं असं मत झालंय की या एका नावाचा चढउतार नीट पाहिला तर इथला शे-दीडशे वर्षांचा इतिहास समजतो. म्हणून हा धागा.

बार्सिलोनापासून पन्नासेक किलोमीटरवर, वायव्येला, मोन्सेर्रात (Montserrat) नावाचा डोंगर आहे. 'मोन' म्हणजे डोंगर, 'सेर्रात' म्हणजे करवतलेला. आजूबाजूच्या सखल मुलखातून एकदम उभे ठाकलेले, गोल डोक्याचे, एकमेकांना खेटून असलेले सुळके. त्यातला सर्वांत उंच सान्त जेरोनी, १,२३६ मीटर. देवदूतांनी सोन्याच्या करवतीने हा डोंगर कापला अशी लोककथा आहे आणि मठाच्या चिन्हातही डोंगरावर करवत काढलेली असते.

डोंगराच्या कुशीत बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. रिपोल्यचा मठाधिपती ओलिबा याने १०२५ मध्ये तो स्थापला, म्हणजे २०२५ मध्ये हजार वर्षं झाली. मठातली मेरीची मूर्ती हे सगळ्याचं मूळ. कथा सांगते की ८८० साली, एका शनिवारी संध्याकाळी, मेंढपाळ पोरांना डोंगरावर उजेड उतरताना दिसला आणि गाणं ऐकू आलं. पुढचे काही शनिवार तेच. शोध घेतल्यावर गुहेत मूर्ती सापडली. बिशपने ती जवळच्या मानरेसा गावाला न्यायचं ठरवलं, पण मूर्ती इतकी जड झाली की जागची हलेना. मग देऊळ तिथेच. प्रत्यक्षात आज जी मूर्ती आहे ती घडणीवरून बाराव्या शतकाच्या अखेरची ठरते, म्हणजे कथेच्या तारखेपेक्षा तीनशे वर्षांनी धाकटी. भाविकांचं त्यावाचून काही अडत नाही. माझंही नाही.

मूर्ती लाकडी, जेमतेम ९५ सेंटिमीटरची. बसलेली मेरी, मांडीवर बाळ, तिच्या उजव्या हातात गोळा, बाळाच्या हातात पाइनचं बोंड. अंगावर सोनेरी रंग, पण चेहरा आणि हात काळे. म्हणून लोक तिला 'मोरेनेता' म्हणतात, आपली सावळी. वेदीच्या मागून दगडी जिना चढत रांग सरकते. वर पोचल्यावर मूर्तीपुढे काच लागते आणि काचेला ठेवलेल्या भोकातून फक्त तो उजव्या हातातला गोळा बाहेर येतो. माणसं त्याला हात लावतात, काही ओठ टेकतात, आणि मागच्याचा धक्का लागायच्या आत पुढे होतात.

११ सप्टेंबर १८८१ रोजी तेराव्या लिओ पोपच्या मान्यतेने या मूर्तीला मुकुट चढवला गेला आणि ती कॅटलोनियाची अधिकृत पालनकर्ती झाली. सण २७ एप्रिलला. त्याच सुमाराला जसिंत वेर्दागेर या धर्मगुरू कवीने तिचं स्तोत्र लिहिलं, 'विरोलाय'. मठाच्या शाळेतली मुलं आजही ते गातात. आणि मग घराघरांत मुलींचा बाप्तिस्मा 'मारिया दे मोन्सेर्रात' या नावाने होऊ लागला. पुढे 'मारिया' कागदावर राहिली, हाकेत डोंगर उरला.

मुळात कॅथलिक स्पेनमध्ये ही रीतच आहे. मेरी एकच, पण तिच्या प्रत्येक ठाण्याचं आणि प्रत्येक रूपाचं नाव मुलींना मिळतं. सारागोसाच्या खांबावरची पिलार, जपमाळेची रोझेर, दुःखाची दोलोर्स, बर्फाची नेउस. पण यातली बहुतेक नावं स्पेनभर आहेत, फक्त रूप बदलतं. मोन्सेर्रात इथल्या मातीतलं. आणि मला वाटतं या नावाला जे भाग्य लाभलं ते भक्तीइतकंच सरकारच्या एका आडमुठेपणामुळे. ते पुढे लिहिते, आधी तुमचं ऐकू दे.

फॉन्टवेडी

थांबा, मोन्सेर्रात म्हणजे तो फॉन्ट ना? गेली कित्येक वर्षं प्रत्येक क्लायंटच्या वेबसाइटवर मी तो लावतेय!

ओसरी

@फॉन्टवेडी, तोच. पण तो थेट इथला नाही. हुलिएता उलानोव्स्की या अर्जेंटिनाच्या डिझायनरने तो केला, ब्युनोस आयर्समधल्या मोन्सेर्रात नावाच्या जुन्या वस्तीतल्या पाट्या आणि फलक बघून. त्या वस्तीला नाव मिळालं तिथल्या मेरीच्या चर्चवरून, आणि ती मेरी याच डोंगरावरची. म्हणजे तुमच्या क्लायंटच्या वेबसाइटवर बाराव्या शतकातली सावळी बसली आहे.

उंटावरचा शहाणा

आमच्या डोक्यात मोन्सेर्रात म्हणजे कॅरिबियन बेट. लायनेल बेकर आठवतो का कुणाला? २००८ मध्ये वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळणारा तिथला पहिला खेळाडू. ज्वालामुखीने त्या बेटाची राजधानी प्लिमथ राखेत पुरून टाकली ती नव्वदच्या दशकात. बेटाचं नावही याच डोंगरावरून का?

ओसरी

हो. कोलंबस १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तिथून गेला आणि बेटांना मेरीच्या ठाण्यांची नावं देत सुटला. ग्वादलुपे (आजचं ग्वाडेलूप) हे एक, हे दुसरं. त्या सफरीत त्याच्याबरोबर बेर्नात बोइल नावाचा धर्मगुरू होता, ज्याचा या मठाशी जवळचा संबंध होता. त्यामुळे हे नाव सुचणं नवलाचं नव्हतं.

मामलेदार

लेख छान, पण 'सरकारच्या आडमुठेपणामुळे नावाला भाग्य लाभलं' हे जरा ओढूनताणून वाटतं. नावांच्या लाटा येतात, जातात. माझ्या आत्यांच्या पिढीत सगळ्या कुसुम, सुमन, शालिनी होत्या. त्यामागे कुठल्या सरकारचा हात होता? पुरावा द्या.

ओसरी

मामलेदारसाहेब येणार हे माहीत होतंच. घ्या.

मे १९३८ मध्ये, स्पेनमधलं यादवी युद्ध चालू असतानाच, हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने आदेश काढला की नोंदणी कार्यालयात मुलांची नावं कॅस्टिलियन स्पॅनिशमध्येच लिहायची. त्या आदेशाची भाषाही वाचण्यासारखी आहे. प्रादेशिक भावनेच्या 'विकृत' अतिरेकाने नोंदवह्यांत नको ती नावं शिरली, असा एकूण सूर. कॅटलोनिया पूर्ण हाती आल्यावर तिथे तो लागू झाला. मग घरी जोर्दी, कागदावर होर्हे. घरी मेर्से, कागदावर मेर्सेदेस. दोलोर्सची दोलोरेस, नेउसची निएवेस, रोझेरची रोसारियो. चाळीस वर्षं एका अख्ख्या पिढीची दोन नावं होती, एक घरातलं आणि एक सरकारी. म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या चिठ्ठीवर आजही वेगळं नाव दिसतं.

आता कारकुनापुढे मुलीचा बाप उभा राहतो आणि सांगतो: मोन्सेर्रात. कारकून काय करणार? स्पॅनिशमध्ये बदलायचं तर कशात? हे नाव दोन्ही भाषांत अक्षरशः तेच आहे. शिवाय मेरीचं नाव, चर्चला मान्य, आणि राजवट तर स्वतःला कॅथलिक धर्माची रखवालदार म्हणवून घेणारी. नाही म्हणायला जागाच नाही. जो बाप मुलाला जोर्दी म्हणवून घेऊ शकत नव्हता, तो मुलीला निर्धास्तपणे मोन्सेर्रात करू शकत होता. उच्चार तेवढा घरचा: कॅटलानमध्ये ते 'मुन्सर्रात' असं कानावर येतं, मधला 'त' गिळलेला.

जोर्दीचं उदाहरण गंमत म्हणून देते. १९७४ मध्ये फुटबॉलपटू योहान क्रायफचा मुलगा अॅमस्टरडॅमला जन्मला आणि तिथेच जोर्दी म्हणून नोंदवला गेला. बार्सिलोनात आल्यावर इथल्या कार्यालयाने सांगितलं की होर्हे लिहा. क्रायफ अडून बसला. डच कागद हातात होता आणि अंगावर बार्सिलोनाची जर्सी होती, तेव्हा कार्यालयाला नमावं लागलं. गल्लीतल्या पेंटरला किंवा गिरणी कामगाराला हे कुठून जमणार?

जानेवारी १९७७ च्या कायद्याने ही बंदी उठली. आणि मोन्सेर्रातची ओहोटीही साधारण त्याच पिढीपासून लागली. दार उघडल्यावर लोक खिडकीतून कशाला जातील?

मामलेदार

उच्चाराचं आणि क्रायफचं पटलं. पण ओहोटीला दुसरं सोपं कारण आहे की: लोक चर्चला जायचे थांबले. फ्रँको गेल्यावर स्पेन किती झपाट्याने निधर्मी झाला हे सर्वांना माहीत आहे. मेरीची सगळीच नावं गळाली असणार. दोलोर्स नावाची तान्ही मुलगी दाखवा मला कुणी. शिवाय तुम्हीच म्हणताय की नाव वाढायला सुरुवात १८८१ नंतर झाली, तेव्हा फ्रँको कुठे होता?

ओसरी

हा मुद्दा मान्य. सुरुवात फ्रँकोने केली असं मी म्हणत नाहीये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅटलान भाषेचं पुनरुज्जीवन चाललं होतं, आणि त्यात एक मोठा गट पाद्री, कवी, गावोगावचे धार्मिक वृत्तीचे लोक यांचा होता. त्यांच्या दृष्टीने भाषा आणि श्रद्धा एकाच गाठीत होत्या. मोन्सेर्रात हे त्यांचं घर. त्या काळात नाव रुजलं. फ्रँकोच्या काळात ते टिकलं आणि माजलं, एवढंच माझं म्हणणं.

आणि मठाने त्या काळात काय केलं ते बघा, म्हणजे नावाला वजन कुठून आलं ते कळेल. १९३६ मध्ये यादवी सुरू झाली तेव्हा चर्चविरोधी टोळ्यांनी मठातल्या तेवीस साधूंना ठार मारलं. म्हणजे मठाला डाव्यांबद्दल प्रेम असायचं काहीच कारण नव्हतं आणि फ्रँकोने त्यांना आपलंच मानलं. १९४७ मध्ये मूर्तीसाठी नवं सिंहासन झालं, हजारो लोक डोंगरावर जमले, आणि युद्धानंतर पहिल्यांदा एवढ्या मोठ्या सार्वजनिक कार्यक्रमात कॅटलान भाषा ऐकू आली. मठाधिपती होते आउरेली एस्कार्रे. सुरुवातीला राजवटीशी त्यांचं बरं होतं. पण १९६३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या ल मोंद या दैनिकाला मुलाखत दिली आणि सरकार ख्रिस्ती तत्त्वांनी वागत नाही असं रोखठोक बोलले. त्यांना देश सोडावा लागला. डिसेंबर १९७० मध्ये, बास्क कार्यकर्त्यांवर बुर्गोसला लष्करी खटला चालू होता तेव्हा, तीनशेच्या आसपास लेखक, कलावंत, विचारवंतांनी याच मठात स्वतःला कोंडून घेतलं. बाहेर पोलीस, आत साधू त्यांच्या जेवणाखाण्याचं बघतायत.

दोलोर्सच्या मागे यातलं काही नव्हतं. म्हणून मला मोन्सेर्रातची गोष्ट निराळी वाटते.

गडवाट

११ सप्टेंबर ही तर कॅटलानांच्या राष्ट्रीय दिनाची तारीख ना? १७१४ मध्ये बार्सिलोना पडलं तो दिवस. १८८१ चा मुकुट मुद्दाम त्याच दिवशी?

ओसरी

@गडवाट, तारीख तीच आहे, पण तो दिवस जाहीरपणे पाळायची पद्धत त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली. म्हणून त्यावर मी इमले बांधत नाही. मामलेदार टपलेच आहेत.

काजूबोंड

आता मी बोलतो, कारण हा डोंगर आमच्या गोव्यापर्यंत आलेला आहे.

एक सूत्र सगळ्यांना ठाऊक असलेलं. मार्च १५२२ मध्ये लढाईत पाय मोडून बरा झालेला एक बास्क सरदार या मठात आला. कबुलीजबाब दिला, अंगावरचे भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले, २४ मार्चच्या रात्री त्या काळ्या मेरीपुढे उभ्याने-गुडघ्याने जागरण केलं आणि आपली तलवार तिथेच सोडून डोंगर उतरला. तो इग्नेशियस लोयोला. पुढे त्याने जेझुइट संघ काढला, आणि त्या संघाचा फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. बॉं जेझूमध्ये आम्ही ज्याच्या फेस्ताला जातो त्याची नाळ अशी तिथे पोचते.

दुसरं सूत्र कमी लोकांना माहीत आहे. आंतोनी दे मोन्सेर्रात. कॅटलोनियातल्या विक गावचा, जन्म १५३६. पोर्तुगालमध्ये जेझुइट झाला आणि १५७४ मध्ये गोव्याला आला. अकबराने गोव्याकडे धर्मपंडित मागितले तेव्हा जे तिघे गेले त्यांतला हा एक. रोदोल्फो आक्वाविवा त्यांचा प्रमुख. १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले, १५८० च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीत. मोन्सेर्रातकडे शाहजादा मुरादला शिकवायचं काम आलं. १५८१ मध्ये अकबर काबूलच्या स्वारीवर निघाला तेव्हा हा फौजेबरोबर गेला. रोज रात्री दिवसभराचं टिपून ठेवायचा: तळ कसा पडतो, तोफा कुठे, बाजार कुठे, रस्ता मोजणारी माणसं अंतर कसं मोजतात. हिमालयाचा समावेश असलेला, अक्षांश-रेखांशांसह काढलेला त्याचा नकाशा हा उत्तर हिंदुस्थानच्या अगदी सुरुवातीच्या युरोपीय नकाशांपैकी एक.

बाकीचं नंतर लिहितो, पाहुणे आलेत.

सातारी कंदी

ओसरीताई, एक बाळबोध शंका. मूर्ती काळी का? मुळातच तशी घडवली होती का?

ओसरी

बाळबोध अजिबात नाही, यावर इथे पंडितांचीही भांडणं झालीत. मुळात चेहरा काळा रंगवलेला नव्हता असंच आता मानतात. लाकडावरचं जुनं रोगण आणि शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांची काजळी यांनी तो काळवंडत गेला. पुढे लोकांना ती काळीच ओळखीची झाली, तेव्हा नंतरच्या रंगकामात मुद्दाम काळा रंग दिला गेला. म्हणजे आधी धुराने केलं ते नंतर कुंचल्याने पक्कं केलं.

इथे एक म्हण आहे, तुम्हाला आवडेल: बायकोला मोन्सेर्रातला नेलं नाही त्याचं लग्न नीट लागलंच नाही.

सातारी कंदी

अगंबाई! म्हणजे आपली जेजुरीच की. लग्न झालं की जोडप्याने खंडोबाला जायचं, नवऱ्याने बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या. तिकडे उचलतात का?

ओसरी

उचलत नाहीत हो. १८९२ मध्ये दातेरी रुळांची रेल्वे झाली, १९३० मध्ये रोपवे. रेल्वे मध्यंतरी १९५७ ला बंद पडली होती, २००३ ला परत सुरू केली. नवऱ्यांची कंबर वाचली. वर मठाबाहेर शेतकरी बायका मीठ न घातलेलं ताजं चीज विकतात, मातो म्हणतात त्याला, वर मध ओतून खायचं. नवी जोडपी ते खातात आणि फोटो काढतात.

पाचगणीकर

मोन्सेर्रात म्हटलं की मला एकच आठवते, ऑपेरा गायिका कबाय्ये! जन्म १९३३, बार्सिलोना. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या गायिकेच्या ऐवजी ऐनवेळी उभी राहिली आणि एका रात्रीत जगभर नाव झालं. आणि तिच्याबरोबर गाणारा फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, त्याचा पहिला बँडही तिथलाच. १९८७ मध्ये दोघांनी बार्सिलोना शहरावर गाणं केलं. १९९२ च्या ऑलिम्पिकला ते दोघं एकत्र गाणार अशी सगळ्यांची आशा होती, पण फ्रेडी १९९१ मध्येच गेला. तिचं पूर्ण नाव कुणी सांगेल का? मारिया दे मोन्सेर्रात बिबियाना कोन्सेप्सिओन. ओसरीताई म्हणतात तसंच, मारिया कागदावर.

लेकीचा बाप

वाचतोय. आम्हाला गेल्या महिन्यात मुलगी झाली. बायको अर्धी कॅटलान (सासूबाई तिकडच्या). सासूबाईंना मोन्सेर्रात हवंय, बायकोला नूरिया. मराठीत दोन्ही चालतील असं मला वाटतं, पण माझ्या आईला मोन्सेर्रात म्हणता येत नाही, ती 'मंसाराम' म्हणते. नूरियाचंही असंच काही धार्मिक मूळ आहे का?

ओसरी

अभिनंदन! 'मंसाराम' वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले.

नूरियाही मेरीच. पिरेनीज पर्वतात, जवळजवळ दोन हजार मीटर उंचीवर, नूरिया नावाचं खोरं आहे. तिथे पोचायला आजही रस्ता नाही, दातेरी रेल्वेच. कथा अशी की सान्त जील नावाचा साधू तिथे राहायचा, मेंढपाळांना घंटा वाजवून जेवायला बोलवायचा आणि भांड्यात शिजवून घालायचा. संकट आलं तेव्हा त्याने मूर्ती, क्रूस, घंटा आणि भांडं लपवून ठेवलं आणि ते पुढे सापडलं. आजही देवळात ते भांडं आणि घंटा ठेवलेली आहे. मूल हवं असलेली बाई भांड्यात डोकं घालते आणि घंटा वाजवते. मुलगी झाली तर तिचं नाव नूरिया ठेवायची पद्धत. मी पाहिलंय: भांडं भिंतीत बसवलंय, डोकं आत घातलं की आपलाच आवाज घुमतो, आणि मागे रांगेतल्या बायका हसत असतात, पण एकीनेही ते टाळलेलं नाही.

आणि मामलेदारांसाठी: जुलै १९६७ मध्ये नूरियाच्या मूर्तीला मुकुट चढवायचा मोठा सोहळा ठरला होता. त्याच्या आदल्या काही दिवसांत कॅटलानवादी तरुणांनी मूर्तीच पळवली, कारण हा सोहळा राजवटीच्या माणसांच्या मिरवणुकीसाठी वापरला जाणार होता. मूर्ती परत आली ती १९७२ मध्ये. आता सांगा, यातलं किती धर्म आणि किती राजकारण?

मामलेदार

आता मी गप्प बसतो. (म्हणजे आजच्यापुरता.)

लेकीचा बाप

मूर्ती पळवल्याचं बायकोला सांगितलं. आता ती नूरियावर ठाम आहे. सासूबाई फोन घेत नाहीत.

वाळवंटी

मी मेक्सिकोत मॉन्टेरेला कामाला आहे. ओसरी म्हणतात तसं इथे अजिबात नाही. इथे मोन्सेर्रात तरुण आहे! माझ्या टीममध्ये पंचविशीतल्या मोन्सेर्रात आहेत, मधला त गाळून मोन्सेरात लिहिणाऱ्याही. त्यांना डोंगर माहीत नाही, मठ माहीत नाही. एकीला विचारलं तर म्हणाली, 'आईला टीव्ही मालिकेतलं आवडलं.'

ओसरी

@वाळवंटी, झकास माहिती. म्हणजे माझा सिद्धांत फक्त कॅटलोनियापुरता. इथे ते आजीचं नाव आहे, आणि आजीचं नाव मुलीला ठेवायला अजून एक पिढी जावी लागते. लाया मात्र बघा कशी तगली: तीही धार्मिकच, बार्सिलोनाची हुतात्मा संत एउलालिया हिचं लाडकं रूप. ती तेरा वर्षांची असताना रोमनांनी तिला मारलं म्हणून बार्सिलोनाच्या कॅथेड्रलच्या अंगणात तेरा पांढरी बदकं पाळलेली असतात, हंसासारखी मोठी. पण लाया म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे चर्च येत नाही, दोन अक्षरी, सुटसुटीत. मोन्सेर्रातचं तसं होत नाही. ते नाव उच्चारलं की सुळके आणि मठ बरोबर येतातच.

काजूबोंड

पाहुणे गेले. आंतोनी मोन्सेर्रातचं पुढचं.

१५८२ मध्ये तो गोव्याला परतला. काही वर्षांनी त्याला पेद्रो पाएझबरोबर इथिओपियाला पाठवलं. वेष पालटून निघाले होते, पण अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडले गेले. येमेनमध्ये कैद, गुलामी, गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षाही भोगली. सहा-सात वर्षांनी खंडणी भरून सुटका झाली. त्या कैदेतही त्याने अकबराच्या दरबाराच्या टिपणांवरून लॅटिन ग्रंथ पुरा केला. मोडलेल्या तब्येतीने तो गोव्यात आला आणि १६०० मध्ये साष्टीत वारला. म्हणजे आमच्याच मडगावच्या बाजूला. ग्रंथ मात्र हरवला. तो १९०६ मध्ये कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या ग्रंथालयात सापडला आणि १९१४ मध्ये छापला गेला. अकबराच्या दरबाराविषयी लिहिणाऱ्या इतिहासकारांना तो टाळता येत नाही.

आणि मोन्सेरात हे आडनाव म्हणून गोव्यात आजही आहे, वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे ते थेट कॅटलोनियातून आलेलं नसून पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेलं असणार, कारण पोर्तुगालमध्येही या मेरीची भक्ती होती. लिस्बनजवळ सिंत्राला १५४० मध्ये एका साधूने तिच्या नावाचं छोटं देऊळ बांधलं. ती जागा पुढे १७१८ मध्ये कायतानो दे मेलो ए कास्त्रोने विकत घेतली, आणि हा गोव्याचा माजी व्हाइसरॉय! तिथला मोन्सेरात राजवाडा आता पर्यटकांनी गजबजलेला असतो.

उंटावरचा शहाणा

काजूबोंडराव, तुम्ही वेगळा धागा काढा हो यावर. प्रतिसादात वाया चाललंय.

गडवाट

हिटलरचा साथीदार हिमलर तिथे ग्रेल (येशूचा पवित्र पेला) शोधायला गेला होता असं कुठेतरी वाचलंय. थाप की खरं?

ओसरी

गेला होता हे खरं. २३ ऑक्टोबर १९४० ला, हिटलर-फ्रँको भेट फ्रान्सच्या सीमेवरच्या आंदाईला होती त्याच दिवशी. पवित्र पेल्याची दंतकथा या डोंगराशी जोडणारे लोक होते आणि हिमलरला असल्या गोष्टींचं वेड. मठाधिपतींनी भेटायचं टाळलं आणि जर्मन येणाऱ्या एका साधूला पुढे केलं. पेला मिळाला नाही.

सातारी कंदी

आम्ही एप्रिलमध्ये येतोय, हे आणि मी. २७ तारखेला जावं का? की गर्दी असते?

ओसरी

गर्दी असते, पण मजाही असते, आदल्या रात्री जागरण असतं. शांतपणे बघायचं असेल तर सणाच्या आधीच्या आठवड्यात, शनिवार-रविवार सोडून या. प्लासा एस्पान्या स्थानकातून मानरेसाकडे जाणारी गाडी पकडायची. रोपवेने जायचं तर 'आएरी दे मोन्सेर्रात'ला उतरा, दातेरी रेल्वेने जायचं तर पुढच्या 'मोनिस्त्रोल'ला. तिकीट काढतानाच दोन्हीपैकी काय ते ठरवावं लागतं, मध्येच बदलता येत नाही. मुलांचं गाणं ऐकायचं असेल तर मठाच्या संकेतस्थळावर आधी वेळ बघा, शाळेच्या सुट्टीत ती मुलं नसतात. मूर्तीच्या रांगेसाठीही आधी वेळ राखून ठेवा. आणि काकांना गुडघ्याचा त्रास असेल तर सान्त जेरोनीच्या वाटेला जाऊ नका, वरच्या टप्प्यात पायऱ्याच पायऱ्या आहेत.

सातारी कंदी

ह्यांना गुडघ्याचा त्रास आहेच. मातो आणि मध चालेल आम्हाला.